योजनेत न बसणारी दाढ

मोनिकाच्या तोंडात सकाळपासून एक सणसणीत शिवी घोळत होती आणि ती नवऱ्याला हाणायची होती. पण नवरा इस्त्रीचा शर्ट घालून पवनीला मीटिंगला गेलेला, आणि ही गुडघाभर चिखलात वाकलेली. शिवी गिळायची, पेंडीतून पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची चिमूट काढायची, अंगठ्यानं चिखलात दाबायची, एक पाऊल मागं सरायचं. पाऊस दोन दिवसांपासून दडून बसला होता. खाचराच्या बांधीतलं पाणी वरून तापलं होतं, खाली चिखल गार होता, आणि पाठीवर ऊन असं पडत होतं की लुगडं अंगावरच शिजावं.

तिच्या उजवीकडची पात सासूची. कौशल्याबाई रोवणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. पदर तोंडाभोवती असा आवळून बांधलेला की डोळे तेवढे दिसावेत. बाकीच्या बायांना वाटलं, बाई ऊन चुकवून राहिली. मोनिकाला ठाऊक होतं की त्या पदराखाली उजवा गाल फुगून आला आहे आणि किडलेल्या दाढेपाशी गुडाखू दाबून ठेवली आहे. तंबाखू-गुळाची ती काळी मळी हिरडीला चोळली की घटकाभर बधिर होतं. घटका सरली की बाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जायची, कमरेची डबी काढायची, पुन्हा बोट फिरवायची. भात रोवण्याच्या दिवसांत निम्म्या गावाच्या बाया असंच करतात. दाढ आतून जळत राहते आणि बाई वरून रोवत राहते.

रोवणा बाबूलालच्या बांध्यांचा होता, तलावाच्या पाळीखालच्या. गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं घेतलेला. गुत्त्याची रीत अशी की एक बाई बसली तर तिची पात बाकीच्यांनी ओढायची. आणि म्होरकीच बसली तर बाया उघड काही बोलत नाहीत, पण पुढच्या साली दुसरीच्या मागं जातात. कौशल्याबाईनं नवरा गेल्यावर ही टोळी स्वतःच्या तोंडाच्या जोरावर उभी केली होती. तिनं सांगितलं की अमक्याकडं मजुरी बुडत नाही, तर बाया डोळे मिटून जायच्या. सारा संसार त्या शब्दावर चालला होता. पोराचं, म्हणजे मोनिकाच्या नवऱ्याचं, भूषणचं कॉलेजसुद्धा त्याच शब्दावर झालं.

आणि त्याच भूषणनं तो शब्द बाजारात नेऊन बसवला.

झालं असं की उन्हाळ्यात तो एका खासगी विमा कंपनीचा एजंट झाला. आधी मोबाइलच्या दुकानात होता, तिथं मालकाशी पटलं नाही. आरोग्याची पॉलिसी विकायची म्हणून गावात फिरला, पण त्याला कोण विचारतो? कालपरवापर्यंत शेंबूड पुसत फिरणारा पोट्टा. मग त्यानं आईला सोबत घेतलं. कौशल्याबाई दारोदार गेली. भूषणनं बोलायचं, तिनं नुसतं शेजारी बसून मान हलवायची. तेंदूपत्त्याचे पैसे नुकतेच बायांच्या हातात आले होते. टोळीतल्या सगळ्या जणींनी पॉलिसी काढली. एकट्या ललिताबाईनं विचारलं होतं, तिचे दात जुनेच दुखरे होते म्हणून, की बाबू, यात दाताचंही बसते का? तेव्हा भूषण हसून म्हणाला होता, "मावशी, डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत आहे. दात काय डोक्याच्या बाहेर आहेत?" साऱ्या बाया हसल्या. कौशल्याबाईही हसली. मोनिका तेव्हा चहा गाळत होती आणि तिलाही ते पटलं होतं, हे आठवलं की आता तिला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटे.

रोवणा लागायच्या तोंडावर सासूची दाढ ठणकायला लागली. मोनिका तिला घेऊन पवनीच्या सरकारी दवाखान्यात गेली. दातांची डॉक्टरीण तरुण होती, बोलणं सरळ. तिनं आरशानं पाहिलं आणि म्हणाली, मुळापर्यंत किडली आहे, खाली पू धरतो आहे, आजच काढू, पैसे लागत नाहीत. कौशल्याबाईनं विचारलं, भरून नाही देत का? तर म्हणाली, मुळाचं काम इथं होत नाही, काढणं होतं आणि ते फुकट होतं. बाईला एक भीती होती, गावात सगळ्यांनाच असते, की दाढ काढली की डोळ्याची नस जाते. डॉक्टरीण हसली नाही. नीट समजावलं तिनं, की डोळ्याचा याच्याशी काही संबंध नाही. कौशल्याबाई खुर्चीवर बसली. डोळे गच्च मिटले, तोंड उघडलं. आणि मोनिकाच्या हातातला फोन वाजला.

"उपटू नोको देऊ," भूषण पलीकडून म्हणाला. "सरकारीत दुसरं काय येते त्याईले? आपल्याजवळ पॉलिसी आहे. भंडाऱ्याले नेतो, मस्त भरून आणतो. अन् ऐक, मी गावाले पॉलिसी विकून राहिलो अन् माहीच माय सरकारीत रांगेत बसते, लोक काय म्हणतील?"

मोनिका म्हणाली, बसल्या आहेत खुर्चीवर, होऊन जाऊ द्या. तर म्हणाला, फोन आईला दे. फोन कानाला लावून कौशल्याबाई थोडा वेळ नुसती हुं हुं करत राहिली, मग खुर्चीवरून उतरली आणि पायात चप्पल घालायला लागली. डॉक्टरणीनं दारापर्यंत येऊन सांगितलं की थांबू नका, हे वाढतं. बाई म्हणाली, पोट्टा म्हणते तं त्याचंही ऐका लागते.

दोन दिवसांनी भूषण दोघींना भंडाऱ्याला घेऊन गेला. काचेचा दरवाजा, आत एसी, भिंतीवर हसऱ्या बायकांचे दात. भूषणनं काउंटरवरच्या पोरीला मोबाइलवर पॉलिसी दाखवली. तिनं वर न पाहताच सांगितलं की सर, दाताचं यात नसतं. त्यानं कंपनीला फोन लावला. मोठ्या तोऱ्यात स्पीकरवर ठेवला. पलीकडून एक पोरगी मधाळ हिंदीत बोलली की दातांचा इलाज अपघातामुळं करावा लागला असेल तरच, किंवा भरती व्हावं लागलं तर. बाकी कीड वगैरे आपल्याच खिशातून. भूषणनं स्पीकर बंद केला. मग सरकारी योजनेचं कार्ड काढलं, तर काउंटरवरची म्हणाली, ते मोठ्या ऑपरेशनचं असतं, आणि ते इथं चालतही नाही.

माणसानं इथं मान खाली घालावी की नाही? पण नाही. तो आईजवळ येऊन खुर्चीवर टेकला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, तू धुऱ्यावरून पडली म्हणून सांग. तोंडावर पडली. एवढंच."

"त्या कुठं पडल्या?" मोनिका म्हणाली.

"तू चूप बस. तुले विचारलं का?"

"मले विचारा, मी बनतो नं तुमची साक्षीदार. त्या पडल्या नाही. त्याईची दाढ सडली आहे, अन् तुम्ही सडवून राहिले."

आतून दातांचे डॉक्टर बाहेर आले होते. त्यांनी ऐकलं. दाढ पाहिली आणि म्हणाले, पडलेल्याची दाढ अशी आतून पोखरत नाही हो, माझ्याकडून असलं लिहून मिळणार नाही. भरण्यासारखीही राहिली नाही, काढून टाका, आजच. भूषण म्हणाला, विचार करून येतो. विचार! आईच्या गालाला हात लावला तर चटका बसत होता आणि हा विचार करणार होता.

बाहेर चहाच्या टपरीपाशी मोनिका म्हणाली, चला सरळ पवनीला, काढून टाकू. तर कौशल्याबाईनं तिचं मनगट धरलं. "पवनीले आपलं अर्धं गाव राह्यते. ललिता पाहीन, कोणी पाहीन. विचारतीन, पॉलिसी काहून नाही लागली. मीच हिंडली नं त्याच्यासंगं दारोदार. गुत्ता होऊन जाऊ दे. मंग काढू, गुपचूप. तू कोणाले सांगजो नोको."

भूषण चहाचे पैसे द्यायला गेला होता. मोनिकानं त्याच्या पाठीकडं पाहिलं आणि तिला त्या क्षणी त्याचा, स्वतःचा आणि त्या सासूच्या मायेचाही संताप आला. पोरासाठी गुडाखू चोळत मरायला निघालेली माय. याला माया म्हणायचं की काय म्हणायचं?

म्हणून रोवणा सुरू झाला तेव्हा फक्त या तिघांना ठाऊक होतं. मोनिका सकाळी भाताची पातळ पेज करून द्यायची, सासू ती डाव्या गालानं ओढून घ्यायची. बांधीत वाकलं की रक्त डोक्याकडं उतरायचं आणि दाढ घणासारखी ठोकायची, ते तिच्या खांद्यांवरून कळायचं. पेंड्या फेकताना ती आधी बायांना हाका मारायची, टोमणे मारायची, कोणाची पात वाकडी गेली की तिच्या सासरचा उद्धार करायची. आता गप्प. ललिताबाईनं एकदा विचारलं, बाई, मुकी झाली का? कौशल्याबाईनं हातानं उन्हाकडं दाखवलं. ललिताबाईच्या स्वतःच्या गालावर हात होता. म्हणाली, माही दाढ बहुत दुखून राहिली, पण भूषणबाबू म्हणते थोडं थांब, पॉलिसीतून करू. मोनिकानं हातातली पेंडी चिखलात आपटली. बोलणार होती. सासूनं नुसतं पाहिलं तिच्याकडं, आणि ती पुन्हा वाकली.

मग एक दिवस ठणका थांबला. सकाळी उठून कौशल्याबाई म्हणाली, गेलं, बिलकूल दुखत नाही. तिनं भातसुद्धा खाल्ला. मोनिकालाही हायसं वाटलं. भूषण तर म्हणाला, पाहा, उगीच घाई करत होते. कोणालाच कळलं नाही की आतली नस मेली म्हणून दुखणं थांबलंय आणि पू वाट काढत खाली उतरतोय.

संध्याकाळपर्यंत ताप भरला. दुसऱ्या दिवशी ती तापातच बांधीत उतरली, कारण बाबूलाल पऱ्हे उपटून बसला होता आणि उपटलेले पऱ्हे उन्हात वाळतात. दुपारी मोनिकानं शेजारी पाहिलं तर सासूची पात थांबलेली. ती वाकलेलीच होती, हातात चिमूट, आणि तोंडातून लाळ सरळ पाण्यात पडत होती. मोनिकानं तिच्या तोंडावरचा पदर सोडला. गालाची सूज हनुवटीखाली उतरून गळाभर पसरली होती, लाकडासारखी कडक. तोंड उघडायला सांगितलं तर दातांमधून बोटही जाईना. बोलायला गेली तर घशातून नुसता घरघर आवाज आला.

बाया पाती सोडून जमा झाल्या. बाबूलाल धुऱ्यावरून ओरडला, रोवणा टाकून कुठं निघाले, पऱ्हे वाळतीन. मोनिकानं चिखलाच्या हातानंच सासूला धरलं आणि जी शिवी इतके दिवस नवऱ्यासाठी राखली होती, ती बाबूलालवर गेली. तो एकदम मागं सरकला, आणि मग त्यानंच पोराला ऑटो आणायला पिटाळलं.

भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर आत घेतलं. म्हणाले, श्वासाची वाट दबून राहिली आहे, उशीर केला. मोनिका चिखलाच्या पायांनी योजनेच्या खिडकीवर गेली. सवयीनं म्हणाली, दाताचं आहे, बसत नसेल तर सांगा, पैशाचं पाहते. खिडकीतल्या माणसानं कार्ड मशीनला लावलं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, बसते.

"काय बसते?"

"सगळं. दाताचं नाही ताई, हे मानेचं आहे. पू मानेत उतरला. भरती आहे, ऑपरेशन आहे. हे योजनेत बसते."

"म्हणजे दाढ होती तोवर नाही बसली."

"नुसती दाढ नाही बसत."

"अन् मान कापायची वेळ आली तं बसते."

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं आतून खुर्ची आणून दिली, पाण्याची बाटली दिली. म्हणाला, ताई, नियम मी नाही बनवले. मोनिका खुर्चीवर बसली नाही. तिला कोणाला तरी धरून गदागदा हलवायचं होतं, आणि समोर हा पाणी देणारा भला माणूस होता. राग काढायलाही धड माणूस मिळू नये, असे दिवस आले.

कौशल्याबाईच्या हनुवटीखाली कापून पू काढला, नळ्या घातल्या. सडलेली दाढ आणि तिच्या शेजारच्याही काढल्या. जीव वाचला. पण वाचेल की नाही हे दोन दिवस कोणी सांगत नव्हतं, आणि त्या दोन दिवसांत मोनिका भूषणशी एक शब्द बोलली नाही. तोही पलंगाच्या पायथ्याशी बसून राही, आईच्या पावलांना हात लावून. एकदा रडलाही. मोनिकाला वाटलं, चला, निदान माणूस ताळ्यावर आला.

कसला ताळ्यावर? तिसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. भरती झाल्यावर दर दिवसाची ठरावीक रक्कम मिळायची, ती पॉलिसीत होती आणि ती मंजूर झाली. भूषणचा चेहरा उजळला. मोनिका औषध आणायला खाली गेली आणि परत आली तर हा मोबाइल धरून आईचा फोटो काढत होता, मानेतल्या नळ्या दिसतील असा.

"मिटवा तो फोटो."

"अगं, क्लेम पास झाला. दाताच्या आजाराचा क्लेम! बायाईले विश्वास नको का बसाले?"

तोवर त्यानं तो गावच्या ग्रुपवर टाकून दिलेला होता. खाली लिहिलं होतं: आईचा दाताचा क्लेम मंजूर, विश्वास ठेवा. खाली अंगठे येत होते, हात जोडलेले येत होते. मोनिकानं त्याच्या हातातून मोबाइल ओढला, पण आता ओढून काय होणार होतं?

कौशल्याबाई घरी आली तोवर रोवणा संपला होता. मानेला पट्टी, तोंड अर्धंच उघडायचं. रविवारी भूषणनं अंगणात चटया टाकल्या. दुसऱ्या टोळ्यांच्या बाया बोलावल्या, नागपूरहून कंपनीचा साहेब येणार होता. ललिताबाई पुढंच बसली होती, गाल लाल, डोळ्याखाली सूज. भूषण उभा राहून सांगत होता की काही लोक म्हणत होते दाताचं भेटत नाही, आता माझ्या आईचंच पाहा.

मोनिका दारात उभी होती. आज सासू आडवी आली तरी बोलायचंच, असं तिनं ठरवलं होतं. तेवढ्यात आतून खाट करकरली. कौशल्याबाई भिंतीला धरून बाहेर आली आणि चटईच्या मधोमध उभी राहिली. तिनं पट्टी सोडली. हनुवटीखालचा ओला, लाल काप साऱ्यांना दिसला. एक बाई तोंड फिरवून बसली. मग तिनं बोटांनी गाल ओढून तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं, आणि एकेकीसमोर वाकून आतली रिकामी जागा दाखवली. बोलताना शब्द फाटत होते, पण अंगण इतकं गप्प होतं की सगळं ऐकू आलं.

"पैसे देले, खरं आहे. दाढेचे नाही देले. मान कापली त्याचे देले. दाढ पवनीले फुकट निघत होती. मी खुर्चीवर बसली होती. यानं उठवलं मले."

"आई, आत चल," भूषण म्हणाला. "साहेब येऊन राहिले."

"येऊ दे. त्याईलेही दाखवतो." तिनं दम घेतला. "बायाहो, दाताचं यात नाही. होय म्हणून मी मान हालवली होती. मले काही समजत नोतं, तरी हालवली."

भूषणनं मोबाइल खिशात घातला, काढला, पुन्हा घातला. तो आईकडं असं पाहत होता की तिनं त्याला चारचौघांत नागडं केलं, आणि केलंच होतं. मोनिकाला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

ललिताबाई उठायला लागली तसा मोनिकानं तिचा हात धरला. घरी नाही, पवनीला, म्हणाली, बस मिळेल अजून.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखाना उघडला तेव्हा दोघी रांगेत पहिल्या होत्या, कारण रविवारी दातांचं बंद होतं हे त्यांना तिथं गेल्यावर कळलं होतं आणि मोनिकानं ललिताबाईला रात्री पवनीतच आपल्या बहिणीकडं ठेवून घेतलं होतं. परत नेली असती तर भूषणनं तिला पुन्हा गाठलं असतं. ललिताबाई आत गेली. मोनिका नळावर तोंड धुवायला गेली. तोंड पुसत परत आली तर ललिताबाई बाकावर बसलेली, दातांत कापूस दाबून.

"झालं?" मोनिकानं विचारलं.

ललिताबाईनं मान हलवली.

"एवढंच?"

मोनिका इतक्या मोठ्यानं बोलली की रांगेतले लोक वळून पाहायला लागले. एवढ्यासाठी सासू दिवसचे दिवस चिखलात लाळ गाळत राहिली होती. तोंड धुऊन होत नाही तेवढ्या कामासाठी.

डॉक्टरीण गोळ्या द्यायला बाहेर आली. तिनं मोनिकाला ओळखलं.

"त्या दिवशी खुर्चीवरून उठून गेल्या, त्या तुमच्याच सासूबाई ना? काढली का मग दाढ?"

"काढली," मोनिका म्हणाली. "मान कापून काढली."

डॉक्टरणीनं वाकून ललिताबाईची हनुवटी खालून दाबून पाहिली. मग गोळ्या ललिताबाईच्या हातात दिल्या आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.